प्रियदर्शिनीचा स्टेथोस्कोप आणि सरावाचा पेशंट

मी स्टेथोस्कोप बोलतोय. जन्मभर लोकांच्या छातीतलं ऐकत आलो. आज जरा माझं ऐका.

एखाद्या बड्या डॉक्टरच्या गळ्यात पडायचं, अशी कारखान्यातली माझी स्वप्नं. पडलो प्रियदर्शिनीच्या गळ्यात. ती मूळची नागपूरची, सिंगापूरच्या एका हॉस्पिटलात सिनियर नर्स. चाळिशी उलटल्यावर, दोन हजार पाच साली, तिनं पुन्हा विद्यापीठात प्रवेश घेतला. हा अभ्यास पुरा केला की नर्सलाही पेशंट तपासून निदान करता येणार होतं, डॉक्टरांच्या जोडीनं उपचार ठरवता येणार होते. पण वर्गात बाकीच्या तिच्याहून लहान. "नापास झाले तर वॉर्डात तोंड कसं दाखवू?" हे ती इडली वाढतानाही म्हणायची.

सरावाला पेशंट हवा होता. क्वीन्सटाउन भागातल्या तिच्या फ्लॅटमध्ये हाताशी सापडण्यासारखे एकटे उत्तमराव, तिचे इंजिनियर यजमान.

"मला काही होत नाहीये गं."

"होतंय असं समजा."

उत्तमरावांनी जे समजायला सुरुवात केली, ती थांबेचना. सोफ्यावर कोसळायचे, कण्हायचे, डोळे फिरवायचे.

"कळ कुठपर्यंत जाते?" ती विचारायची.

"खिडकीपर्यंत."

"पपा सो ड्रामा, ला," मुलगी दीप्ती पुस्तकातून मान वर न काढता सिंगापुरी इंग्रजीत म्हणायची.

एका रविवारी उत्तमराव लिटिल इंडियाच्या बाजारातून भाजी घेऊन आले आणि सोफ्यावर टेकले. "छातीत धडधडतंय. दम लागलाय."

प्रियदर्शिनी मेथी निवडत होती. "आज कण्हणं बेताचं आहे. चांगलं जमलंय."

उत्तमराव गप्प बसले म्हणूनच तिनं वळून पाहिलं. हसत हसतच मला त्यांच्या छातीला लावलं. आत ना ताल, ना लय. नारळाचं पोतं जिन्यावरून उलटावं तसा गोंधळ. मला ओरडायचं होतं, पण मला तोंड नाही. तिनंच हाक मारली.

"दीप्ती, ॲम्ब्युलन्सला फोन कर. हे खरं आहे."

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारायला तोंड उघडलं आणि उत्तमरावांनी पडल्या पडल्या सगळं ओळीनं सांगितलं: कधी सुरू झालं, तेव्हा काय करत होते, आधीचे आजार, घरात कुणाला हृदयविकार. डॉक्टर चकित झाले. "तुम्ही मेडिकल लाइनमध्ये आहात?"

"नाही. मी सरावाचा पेशंट."

औषधांनी ठोके ताळ्यावर आले. गोळ्या मात्र कायमच्या लागल्या. प्रियदर्शिनी त्यांच्या पलंगाशी बसून रडली. "तुम्ही खरं सांगत होतात, आणि मी मार्क देत बसले."

"किती दिलेस?"

परीक्षेला तिच्यापुढे खराखुरा पेशंट आला. विचाराल तेवढंच सांगणारा. तिला इतकं हायसं वाटलं की ती उत्तम मार्कांनी पास झाली.

आता क्लिनिकच्या दारावर तिचं नाव आहे, गळ्यात नवा स्टेथोस्कोप आहे. माझी नळी कडक झाली, म्हणून मी घरी असतो, उत्तमरावांच्या ताब्यात. ते रोज सकाळी चहाआधी स्वतःला तपासतात, आणि पांढरेफटक पडून हाक मारतात, "अगं, काहीच ऐकू येत नाहीये, बंद पडलंय."

तुमच्यापैकी कुणी भेटलात तर त्यांना एवढंच सांगा: हृदय छान चाललंय, मला कानात उलटं घातलंय.