कल्हई उडालेले पातेले

मित्रांनो, थेल्माने आपल्या भावाला, ऑरिनला, एक पत्र लिहिले होते. त्या पत्राला तीन वर्षे उत्तर गेले नाही. तिने फार काही मागितलेले नव्हते. 'आई थंडीत सफरचंदाचा गरम रस करायची, दालचिनी आणि लवंग घालून. तो कसा करायची? मला नुसता वास आठवतो. तू तिच्या बाजूला उभा असायचास, तुला ठाऊक असेल. लिही.' एवढेच. ऑरिनने ते दोनदा मोठ्याने वाचले, एका जाड पुस्तकात ठेवले आणि म्हणाला, "एकदा करून बघतो, मग लिहितो."

हे सांगणारे मी कोण, असे तुम्ही विचाराल. मी एक जुने तांब्याचे पातेले आहे, वर लोखंडी कडी असलेले. स्वयंपाकघराच्या फळीवरून जेवढे दिसते आणि ऐकू येते तेवढेच मला माहीत. सांगताना कुठे चुकले तर सांभाळून घ्या.

माझा जन्म व्हरमाँटच्या डोंगरातला. एका तांबटाने मला हातोडीने ठोकून आकार दिला आणि आतून कल्हई केली. बाहेरून मी लाल आणि आतून चंद्रासारखे पांढरे होते. ऑरिनच्या आईने मला विकत घेतले. पानगळ सुरू झाली की घाण्यावरून सफरचंदाचा रस येई आणि मी चुलीवर चढे. दालचिनी, लवंग, संत्र्याची साल. घरभर वास सुटे. पण रस तयार झाला की ती बाई तो लगेच मातीच्या भांड्यात ओतून घेई, मला मऊ फडक्याने पुसे आणि उजेडात धरून आत बघे. "पांढरं आहे तोवर बरं," असे ती स्वतःशीच म्हणे. "पांढरं गेलं की यात आंबट म्हणजे विष." पांढरे विरळ दिसू लागले की ती मला तांबटाकडे धाडी. ते शब्द मी लक्षात ठेवले. तिच्या मुलाच्या कानावर ते कधी पडले नसावेत. तो तिथे पुस्तक घेऊन उभा असे.

लग्नानंतर ऑरिन झांजीबारला शिकवायला निघाला, तेव्हा आईने मला त्याच्या सामानात घातले. इथे कुठली सफरचंदे? मी फळीवर बसले. माझ्यात कांदे ठेवत, कधी पावत्या, कधी काहीच नाही. पण ऑरिनच्या बायकोचा, लोइसचा, माझ्यावर जीव. दर शनिवारी ती मला लिंबाने घाशी, आणि आतून बारीक वाळूने. वर्षावर वर्षे गेली. पांढरे झिजत गेले आणि खालचे तांबे उघडे पडले. पाहुणे म्हणत, "काय चकाकतंय हो! आतूनबाहेरून सोनं." लोइस खूश होई. मीही खूश होत असे, हे कबूल केले पाहिजे. कौतुक कोणाला नको असते?

मग गेल्या वर्षी एका सकाळी लोइस बाजारातून आली आणि पिशवी टेबलावर ठेवून म्हणाली, "ऑरिन, दक्षिणेकडची सफरचंदं आलीत. आता तुझ्याकडे सबब नाही."

ऑरिनने चष्मा लावून मला फळीवरून उतरवले. घाणा नव्हता, म्हणून त्याने फोडी करून पाण्यात शिजवल्या, घोटल्या आणि फडक्यातून गाळल्या. तो रस माझ्यात ओतून मसाला घातला आणि मंद आचेवर ठेवला. नंतर त्याने आच बंद केली आणि रस तसाच माझ्यात राहू दिला. "वास मुरू दे," तो म्हणाला. सकाळपासून दुपारपर्यंत तो आंबट रस माझे अंग खात होता. मला ते कळत होते. पहिल्यांदाच मला माझी स्वतःची भीती वाटली.

ऑरिनला साखरेचा आजार. त्याने चमचाभर चाखले. लोइसने कपभर घेतले.

"कसं लागतंय?"

"जवळ आलायस. पण मागून तोंडात नाणं धरल्यासारखं लागतं."

"लवंग जास्त झाली. आई सहाच घालत असेल. मी बारा घातल्या."

"तू एखादी गोष्ट खात्रीने कधी बोलणार आहेस रे? चाळीस वर्षं ऐकतेय, 'असेल' आणि 'वाटतं'."

"खात्री असती तर थेल्माला लिहिलं नसतं का?"

लोइस हसली आणि तिने दुसरा कप घेतला. तासाभरात ती न्हाणीघरात गेली. तिच्या उलटीचा आवाज मी चुलीवरून ऐकला.

ऑरिनने आदल्या दिवशीच्या कोळंबीला दोष दिला. दुसऱ्या दिवशी लोइस अंथरुणातच होती. तिच्या पोटाला काहीतरी गरम आणि हलके द्यावे म्हणून ऑरिनने काय केले असेल? त्याने पुन्हा सफरचंदे चिरली. यावेळी सहा लवंगा. मित्रांनो, मी काय करू शकत होते? गळावे, तर मला भोक नव्हते. करपवावे, तर आच मंद होती. माझे काम मी इतके चांगले करत होते की रसाचा वास पार अंगणापर्यंत गेला. तिने नवऱ्याचे मन राखायला अर्धा कप घेतला आणि संध्याकाळी तिला उठून बसवेना. डॉक्टर येऊन गेले. पोटात काहीतरी गेले आहे, मीठसाखरेचे पाणी द्या, उद्या बघू, असे म्हणाले. काय गेले आहे ते फक्त मला ठाऊक होते.

तिसऱ्या दिवशी मी पुन्हा चुलीवर होते. तेवढ्यात मकामे जिना चढून वर आला. हा खाली रस्त्यावर बाकापाशी पितळी भांड्यांतून कॉफी विकतो. ऑरिनला तो म्वालिमू म्हणतो, म्हणजे मास्तर, आणि रोज त्याची थट्टा केल्याशिवाय त्याचा दिवस सुरू होत नाही. आज त्याने लोइससाठी आल्याचा काढा आणला होता.

"पोले, बीबी, पोले," तो दारातूनच हळू आवाजात म्हणाला; दुखणेकऱ्याला धीर देताना इथे असेच म्हणतात. मग स्वयंपाकघरात येऊन त्याने नाक वर केले. "म्वालिमू, तीन दिवस माझी गिऱ्हाइकं कॉफी सोडून तुमच्या खिडकीकडे बघतायत. काय शिजतंय?"

"आमच्या गावचा रस."

"तुमच्या गावचा? लवंग आमची. दालचिनी आमची. जायफळ आमचं."

"सफरचंद आहे ना."

"तेही खालच्या आफ्रिकेतलं. बोटीने येतं."

"बरं बाबा," ऑरिन कप भरत म्हणाला, "मग पातेलं तेवढं माझं." आणि तो कप घेऊन लोइसच्या खोलीकडे वळला.

"बघू तरी ते पातेलं," म्हणत मकामे माझ्यावर वाकला. त्याने पळीने फेस बाजूला सारला. त्याच्या चेहऱ्यावरचे हसू हळूहळू गेले. माझ्या कडेला, रस जिथवर पोहोचला होता तिथे, हिरवे कडे धरले होते. त्याच्या खाली मी लालभडक होते.

पलीकडच्या खोलीत, उघड्या दारातून मला दिसत होते, ऑरिनने लोइसचे डोके हातावर घेतले होते. मकामे दारात जाऊन उभा राहिला.

"कप खाली ठेवा."

"का?"

"आधी खाली ठेवा. मग विचारा."

कप तिच्या ओठांशी होता. मकामेने पुढे होऊन कपाच्या तोंडावर आपला तळवा ठेवला. गरम रस त्याच्या बोटांवर सांडला, पण त्याने हात काढला नाही.

"पातेल्याला कल्हई कधी केलीत?"

"कसली कल्हई?"

"आत पांढरं असायला हवं. जाऊन बघा. रमजानच्या आधी दरवर्षी मी माझी भांडी कल्हईला देतो, ती काय हौस म्हणून? साध्या कॉफीला मी एवढं करतो आणि तुम्ही तांब्यात आंबट उकळून बायकोला पाजताय."

"मीच घासलं," अंथरुणातून लोइसचा बारीक आवाज आला. "वाळूने. छान दिसावं म्हणून."

ऑरिन भिंतीला टेकत खाली बसला. "मला ठाऊक नव्हतं," तो म्हणाला.

"ठाऊक नसेल तर विचारावं, म्वालिमू. मी खालीच तर बसलेला असतो." मग आवाज बदलून मकामे म्हणाला, "उठा. गाडी बोलावतो. दवाखान्यात काय पाजलं ते नीट सांगा, लाजू नका."

ते तिला उचलून घेऊन गेले. घरात मी एकटे राहिले, तळाशी उरलेला रस घेऊन. एक दिवस गेला, दुसरा गेला. जिन्यावर पाऊल वाजले की मला वाटे, आता कोणीतरी येईल आणि बातमी सांगेल. पण पातेल्याला कोण बातमी सांगणार? रस वाळला आणि त्याचा हिरवट थर झाला. कोणाचा जीव घेतलेले भांडे पुढे काय करते, हा विचार मी त्या दिवसांत पुन्हा पुन्हा केला.

चौथ्या दिवशी दार उघडले. आधी ऑरिन आला, आणि त्याच्या खांद्याला धरून लोइस. ती निम्मी झाली होती. खुर्चीत बसल्यावर तिने माझ्याकडे बघितले आणि म्हणाली, "त्याला टाकू नकोस. त्याचा काय दोष?" मला रडता आले असते तर मी रडले असते.

मकामेने मला आपल्या ओळखीच्या कल्हईवाल्याकडे नेले. निखाऱ्यावर अंग चांगले तापले, नवसागराचा धूर झाला, कथील फिरले, आणि कापसाचा एक हात फिरताच मी पुन्हा आतून पांढरे झाले. घरी आल्यावर ऑरिनने मला खिडकीशी उजेडात धरले आणि कितीतरी वेळ आत बघितले. अगदी त्याच्या आईसारखे.

त्यानंतर त्याने रस केला. तयार होताच काचेच्या बरणीत ओतला, मला पुसले, आणि पहिला पूर्ण कप स्वतः प्यायला.

"साखर वाढेल तुझी," लोइस म्हणाली.

"वाढू दे."

तो कप टेबलावर ठेवून दुपारपर्यंत स्वतःची नाडी मोजत बसला. त्याला काही झाले नाही. मग लोइसने दोन घोट घेतले. मी फळीवर ताठ होऊन बघत होते.

"ते नाणं गेलं," ती म्हणाली.

"आईसारखं आहे?"

"नाही. तुझ्या आईचं याहून आंबट असायचं. पण चांगलं आहे. आणखी दे."

त्याच दिवशी ऑरिनने थेल्माला लिहिले, आणि लोइसला वाचून दाखवले. 'लवंगा किती ते मला अजूनही नक्की ठाऊक नाही. मी सहा घालतो. चुकत असेन. चूक होईल या भीतीने तीन वर्षे तुला लिहिले नाही, आणि कोणालाही न विचारता करत राहिलो म्हणून लोइसचा जीव जाता जाता वाचला. आई पातेल्याचे काय करायची ते तुला आठवत असले तर मला लिही. तू तांब्याच्या भांड्यात करणार असलीस तर आधी आत बघ.'

मित्रांनो, माझेही तुम्हाला एवढेच सांगणे आहे. तुमच्या घरात जुनी भांडी असतील. ती बाहेरून कितीही चकाकोत, त्यांना उजेडात धरा आणि आत बघा. आम्हाला आपले दुखणे सांगता येत नाही. आम्ही नुसते चुलीवर बसतो आणि घाबरतो. आजही रस ओतला की मी घाबरते.

दुसऱ्या दिवशी ऑरिन मला कडीला धरून खाली घेऊन गेला. माझ्यात फडक्यात गुंडाळलेली रसाची बरणी होती. ती मकामेसाठी. बाकाच्या समोरच टपालपेटी आहे. मकामेने घोट घेतला, ओठ पुसले आणि म्हणाला, "आमच्या कॉफीपेक्षा वाईट. पण पिता येतो."

ऑरिन पेटीपाशी गेला. पाकीट निम्मे आत सरकवून तो थांबला, मग बाहेर काढून त्यावरचा पत्ता पुन्हा वाचू लागला.

"आता काय?" मकामेने बाकावरून विचारले.

"सहा की सात, असं वाटतंय."

"ते ती ठरवेल. टाका."

ऑरिनने पाकीट पुन्हा फटीत धरले. मी त्याच्या दुसऱ्या हातात लटकत होते. मग त्याने बोटे सोडली आणि पाकीट आत पडले.