पंख्यावरची लाल रेघ

दिल्लीच्या मयूर विहारमध्ये तळमजल्यावर राहणाऱ्या विलासरावांकडे नाव नव्हती, पण नावेचं इंजिन होतं. यमुनेच्या पुराची पातळी मोजण्यात त्यांची सारी सरकारी नोकरी सरली. खात्याने पन्नास वर्षांचं ते इंजिन मोडीत काढलं, तेव्हा लिलावात त्यांनीच ते उचललं. ‘बिनकामाच्या वस्तूला बिनकामाचा माणूस मिळाला,’ असं बायको, मीनाक्षी, तेव्हा म्हणाली होती. मीनाक्षीला जाऊन आता दीड वर्ष झालं. घरात बोलायला कोणी उरलं नाही. कुकरची शिट्टी झाली तरी ते “आलो, आलो” म्हणत उठायचे.

मुलगा अनुराग नोएडात, मेट्रोने वीस मिनिटांवर. पण बापलेकाचं सारं बोलणं आईमार्फत व्हायचं, आणि मार्फतच गेली. दिवाळीला तो आला तेव्हा दोघं तासभर दिल्लीच्या हवेवर बोलले आणि संपले. मग त्याची नजर मागच्या अंगणातल्या इंजिनावर गेली. पाण्याने भरलेल्या ड्रमच्या काठावर ते टांगून त्याने दोरी ओढली. इंजिन सुरू झालं, पंखाही फिरला. मात्र जोर वाढवला की इंजिन किंचाळायचं आणि पंखा रेंगाळायचा.

“नेक्स्ट संडेला बघू, बाबा,” अनुराग म्हणाला.

मधल्या आठवड्यात विलासरावांनी दोष हुडकला. पंख्याची पाती आणि मधला तुंबा यांच्यात रबर असतं. ते सैल झालं की तुंबा फिरतो आणि पाती मागे राहतात. खात्री करायची तर दोन्हींवरून एक सरळ रेघ ओढून इंजिन चालवायचं. खडू पाण्यात टिकेना, म्हणून त्यांनी मीनाक्षीच्या कपाटातलं लाल नेलपॉलिश घेतलं. इंजिन थांबवून पाहिलं, तर रेघेचे दोन तुकडे झालेले. नवा पंखा लावला की काम फत्ते! पण मग रविवारचं काय? त्यांनी पेट्रोलच्या फडक्याने रेघ पुसली आणि तोंडाला कुलूप लावलं. लाज वाटली, पण एकटेपणाची भीती लाजेहून मोठी होती.

अनुराग येऊ लागला. एका रविवारी खालच्या पेटीतलं तेल काढून त्यात लोखंडाचा कीस शोधला. एका रविवारी पंख्याची पिन पाहिली, ती धडधाकट. मग गिअरच्या दांड्याचे सांधे झाले. धुरापायी सोसायटीचे सेक्रेटरी दोनदा भांडून गेले. अनुराग पिठलं-भाताला थांबू लागला. एकदा पाना देता देता म्हणाला, “आई असती ना, तर आपल्या दोघांना इंजिनासकट बाहेर काढलं असतं.” विलासराव हसले आणि हसताहसताच त्यांचे डोळे भरून आले.

मार्चमध्ये अनुराग एक खोकं घेऊन आला. आत नवा पंखा होता.

“पुण्याला ट्रान्सफर झालीय, बाबा. शनिवारी निघतोय.”

दहा मिनिटांत त्याने पंखा बसवला. ड्रममधलं पाणी उसळून अंगणभर झालं. विलासरावांना आनंद काही झाला नाही.

“तुला कसं कळलं?” त्यांनी विचारलं.

“आईचं नेलपॉलिश पेट्रोलने जात नाही, यार बाबा. पहिल्याच संडेला रेघेचे दोन तुकडे खाचेत दिसले मला.”

“मग बोलला नाहीस?”

“तुम्ही तरी कुठे बोललात?”

शनिवारी तो गेला. रविवारी विलासराव ड्रमपाशी स्टूल टाकून बसले. दुपारी पिठलं केलं, ते दोघांचं झालं. हात धुऊन त्यांनी नवा पंखा उतरवला, जुना चढवला आणि पुण्याला फोन लावला. तिकडे बसून इथलं इंजिन बघायचं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, पण इलाज नव्हता.

“अनुराग, अरे, पंखा परत रेंगाळतोय.”

नवाकोरा पंखा आठवड्यात सैल होत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

“अच्छा,” अनुराग म्हणाला. “व्हिडिओ लावा, बाबा. आज फक्त तेल बघू. बाकीचं नेक्स्ट संडेला.”