चार बोटांचं अंतर

मी दुर्बीण बोलतेय. बंदुकीवर बसणारी, लांबचा नेम दाखवणारी. आणि आज माझं डोकं फिरलंय, आधीच सांगून ठेवते.

माझे मालक नेमबाजी शिकवतात. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. नव्या माणसाला त्यांचा पहिला धडा ठरलेला: "डोळा आणि दुर्बीण यांच्यात चार बोटं अंतर ठेवा. गोळी सुटली की बंदूक मागे धक्का देते. डोळा चिकटवलात तर कपाळमोक्ष!"

एकदा सिनेमावाल्यांनी त्यांना सल्लागार म्हणून बोलावलं. आम्ही दोघंही हरखलो. पण तिथली तऱ्हाच न्यारी! हजार मीटरवरचा माणूस बार उडताक्षणी कोसळतो. अहो, गोळीला तिथवर पोचायला दीड सेकंद तरी लागेल की नाही? वाऱ्याने धूळ उडतेय, म्हणजे गोळी बाजूला सरकणारच, आणि हिरो खुशाल सरळ छातीवर नेम धरतोय. मास्तर सांगून सांगून थकले. पालथ्या घड्यावर पाणी!

मग हिरोने मला डोळाच चिकटवला.

"अहो, चार बोटं!" मास्तर ओरडले.

"डोळा आणि काच एकाच चौकटीत हवेत, मास्तर," दिग्दर्शक म्हणाला. "नकली काडतूस आहे, धक्का कुठला? लोकांना काय कळतंय! तुमचं नाव मोठ्या अक्षरांत टाकतो, मग तर झालं?"

नाव म्हटल्यावर मास्तर विरघळले. गप्प बसले. असा संताप आला मला! पण माझं कोण ऐकणार?

सिनेमा लागला. मास्तरांनी घरच्यांना दोनदा दाखवला.

गेल्या आठवड्यात त्यांची भाची पहिल्यांदाच खरी गोळी झाडायला मैदानावर पालथी झोपली. मास्तर वाऱ्याचा अंदाज घ्यायला क्षणभर वळले. तेवढ्यात बार झाला आणि माझी कड तिच्या भुवईत घुसली.

"अगं, चार बोटं सांगितली होती ना?" मास्तरांनी तिच्या भुवईवर रुमाल दाबला.

"सांगितली होती, मामा. पण सिनेमात तसंच होतं, आणि खाली तुमचं नाव होतं. मला वाटलं, हात बसला की असंच धरतात."

मास्तरांनी तिला तसंच दवाखान्यात नेलं.

पाच टाके पडले. डोळा वाचला, नशीब पोरीचं. तेव्हापासून मी पेटीत पडून आहे. मास्तर मला हातही लावत नाहीत.

सिनेमावाल्यांनो, दाखवा काय हवं ते खोटं. पण त्याच्याखाली अशा माणसाचं नाव घालू नका, ज्याच्यावर कुणी डोळे मिटून विश्वास ठेवतं.