हँग झालेले आजोबा

ती परिचारिका बोलायला लागली की दवाखान्याच्या भिंतींनाही उसंत मिळत नसे, म्हणून सगळे तिला रेडिओ म्हणत. त्याचं तिला कधी वाईट वाटलं नव्हतं. डोंगरापलीकडची माणसं आता शहरात राहायला आली होती, आणि त्यांच्या घरोघरी जाऊन तपासणी करायचं काम तिला अगदी मनापासून हवं होतं. पण आधी पडद्यावरच्या आजोबांची परीक्षा! तीत ती दोनदा आपटली होती. तिसऱ्यांदा नापास म्हणजे कायमची केसपेपरच्या खिडकीत रवानगी.

आजोबा खरे नव्हते, संगणकात बनवलेले. त्या माणसांच्या घरात कसं वागावं, हे त्यांच्याशी बोलून शिकायचं. रेडिओचं मत ठाम होतं, की हे आजोबा बिघडलेत. प्रश्न विचारला की गप्प, नजर खाली, नुसता अंगठा बोटांवर फिरवत. मग ती पुन्हा विचारी, मोठ्याने विचारी, आणि शेवटी वैतागून यंत्रच नव्याने सुरू करायला बटणाकडे हात नेई. तेवढ्यात आजोबा उठून आत जात आणि लाल दिवा लागे.

आजची फेरी सुरू व्हायच्या आधी ती तावातावाने तंत्रज्ञाच्या टेबलाशी गेली. आजोबा त्यानेच बनवले होते आणि तो स्वतःही डोंगरापलीकडचाच.

"दादा, तुमचे आजोबा हँग होतात. जरा बघा ना त्यांच्याकडे!"

तो काहीच बोलला नाही. नजर खाली, अंगठा बोटांवर हळूहळू फिरतोय.

"अहो, मी काय म्हणतेय..." आणि ती थबकली. हुबेहूब आजोबा! तीच नजर, तोच अंगठा!

"हँग नाहीत," तो सावकाश म्हणाला. "विचार करतायत."

"अगं बाई!" म्हणत ती परीक्षेच्या खोलीकडे धावत सुटली. एवढी साधी गोष्ट आपल्या डोक्यात शिरू नये?

"आजोबा, चालताना त्रास होतो का?" एकच प्रश्न विचारून तिने तोंड मिटलं. जीभ नुसती वळवळत होती. बटणाकडे जाऊ नयेत म्हणून हात मांडीखाली दाबून धरले होते.

"नाही. बरं आहे," आजोबा म्हणाले.

हिरवा दिवा लागला. पास! तिला नाचावंसं वाटलं. ती उठणार, तोच तिचं लक्ष गेलं. अंगठा अजून फिरत होता. ती पुन्हा बसली.

बऱ्याच वेळाने आजोबांनी मान वर केली. "दोनदा पडलो. न्हाणीघरात. मुलाला सांगितलेलं नाही."

"बोलले! दादा, आणखी बोलले!" ती दारातूनच ओरडली.

तंत्रज्ञ तिथेच उभा होता. "हिरवा दिवा लागला की सगळे उठतात," तो म्हणाला. "हे दोन वर्षांत कुणीच ऐकलं नव्हतं."

"हे बोलणं कुणाचं, दादा?"

तो गप्प झाला. तीही.

"वडिलांचं," शेवटी तो म्हणाला. "आम्हाला ते तिसऱ्यांदा पडल्यावर कळलं. तेव्हा उशीर झाला होता."

रेडिओचे डोळे भरून आले. उद्याच कामाला लागावं असं तिला झालं होतं.

"उद्या पहिल्यांदा कुणाच्या घरी जाऊ?" तिने विचारलं आणि उत्तराची वाट बघत उभी राहिली.