दारातली चप्पल

आमच्यात फिरायला गेलं की खोल्या ठरलेल्या असतात. एक बायकांची, एक गड्यांची. लग्न काल झालेलं असो नाहीतर तीस वर्षांपूर्वी, नवरा तिकडं आणि बायको इकडं. ही रीत कुणी काढली माहीत नाही. ज्यानं काढली त्याला बायको आवडत नसणार.

माझा नवरा, वीरधवल, एकोणीस वर्षं फौजेत होता. सुट्टीवर आले की ते पुढच्या सोप्यात भावाशेजारी झोपायचे, मी आत सासूशेजारी. दोन पोरं झाली ती दुपारच्या वेळी, उसाच्या रानातल्या खोपटात, एक कान वाटेकडं ठेवून. घरात दिवसा नवराबायकोनं दार लावलं तर आमच्या रहिमतपुरातल्या आळीला चार दिवस दुसरा विषय लागत नाही.

लग्नात म्हणाले होते, समुद्र दाखवतो. यंदा रिटायर झाले आणि रत्नागिरीला निघालो. दोघं नाही, पाच जण. सासूबाई रंगुबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, धाकटे दीर लालासाहेब, जाऊ प्रियदर्शनी. वाटेसाठी चाळीस भाकऱ्या मी थापल्या. घाटात आत्याबाईंना उलट्या झाल्या, पिशवी मी धरली.

हॉटेल चांगलं होतं. फार मोठं नव्हतं, पण फरशी थंडगार, लिफ्ट चालू, काउंटरवरचा माणूस हसून बोलणारा. भावजींनी नेहमीसारखं सांगितलं, दोन खोल्या, एक लेडीज, एक जेंट्स. मी खांबाला टेकून उभी होते. त्या लेडीज खोलीत काय होणार ते मला दिसत होतं. पलंग त्या दोघींना, खाली मी. पाय दाब, पाणी दे, लाइट कुठली ते बघ. घरचंच सगळं, फक्त गाव वेगळं.

"तीन खोल्या द्या," मी म्हणाले. "एक आमची दोघांची."

भावजी छताकडं बघायला लागले. जाऊ पदरात हसली. आमचे हवालदारसाहेब भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. सरहद्दीवर बर्फात उभा राहिलेला माणूस, पण आईकडं मान वळेना.

आत्याबाई म्हणाल्या, "आता ह्या वयात?"

"आवं आत्याबाई, त्या वयात कुठं दिलीसा?"

चावी मिळाली. खोलीत पांढरी चादर, दोन उशा, आणि वाकून बघितलं तर समुद्राची एक पट्टी. दार आपोआप मिटणारं होतं. ह्यांनी पायातली चप्पल काढली आणि दाराच्या फटीत अडकवली. आईनं हाक मारली तर ऐकू यायला पायजे, म्हणाले. आत्याबाईंची खोली समोरच. त्यांनीही दार उघडं टाकलेलं, आणि त्या खुर्चीवर आमच्याकडं तोंड करून बसलेल्या.

मी पडले. झाडूवाली बाई बादली घेऊन गेली, जाताना आत बघून गेली. वेटर गेला, त्यानंही बघितलं. मी पदर नीट केला. दार उघडं असलं की बाईला झोप लागत नाही, नुसतं पडून राहता येतं. मी वीस वर्षं पडून राहिलेय.

ह्यांना तसं सांगितलं. ते म्हणाले, दार लावलं तर लोक काय म्हणतील. इथं कोण लोक, मी म्हणाले.

मग मीच उठले. दोन्ही गुडघे वाजले. चप्पल पायानं बाहेर ढकलली आणि दार मिटू दिलं. कडी लावली. हे एका पायात चप्पल घालून पलंगाच्या कडेला बसले होते.

डोळा लागला असेल नसेल, दारावर थाप पडली.

"वीरा, दार का लावलंया रं?"

कडेला बसलेले हे ताडकन ताठ झाले. मी डोळे उघडले नाहीत. आता हे उठले आणि कडी काढली, तर मी घरी जाऊन परत कधी काही मागणार नव्हते. भांडणारही नव्हते. तेवढी ताकद राहिली नव्हती.

पलंग एकदा करकरला. मग म्हणाले, "झोपलोय आमी, आई."

आत्याबाई गेल्या नव्हत्या, श्वास ऐकू येत होता.

"तुझी एक चप्पल भाईर ऱ्हायलीया."

"ऱ्हाऊ दे."

पावलं लांब गेली. समोरचं दार मिटल्याचा आवाज आला. ह्यांनी दुसरी चप्पल काढून खाली टाकली आणि माझ्याकडं पाठ करून आडवे झाले. पाठ तर पाठ. बाहेर समुद्र वाजत होता का एसी, ते बघायला मी उठले नाही.