भरल्या गाडीचं माप

चाकाच्या बाबतीत मला अक्कल शिकवणारा लोहाऱ्यात अजून जन्मलाच न्हाय, असं मी चारचौघांत छाती ठोकून म्हणायचो. आता म्हणत न्हाय. का म्हणत न्हाय ते सांगतो, पण मधी तोंड घालायचं न्हाय. माझं टकुरं लवकर फिरतं.

माझा धंदा धावांचा. बैलगाडीच्या लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी असती, ती धाव. भट्टीत लाल करायची, चाकावर बसवायची अन् वरून पाणी मारायचं. मग ती अशी आवळती की चाक मोडंल पण धाव निसटायची न्हाय. आसपासच्या वीस गावांच्या गाड्या ह्या खाजामियाँच्या धावांवर चालायच्या. आमची घरवाली अजीजाबी म्हणायची, "चाकाकडं बघता तसं कधी माझ्याकडं बघितलं असतं तर!" मी म्हणायचो, "चाक उलटून बोलत न्हाय."

जर्मनची लढाई सरली, त्याच्या पुढल्या उन्हाळ्यातली गोष्ट. नदीपल्याड नीलम्माचा पानमळा व्हता. नवरा मरून पाच वरसं झाली, लेकरूबाळ न्हाय, पण बाईनं मळा राखला. नागवेलीचं कसं असतं, तिला तान्ह्या लेकरावानी घडीघडीला पाणी लागतं. त्या साली विहिरीचं पाणी इतकं खोल गेलं की मोट पोचंना. पानं कडंनं पिवळी पडाय लागली. आठ दिवस, फार तर दहा, एवढीच वेलींची उमर उरली व्हती.

इलाज व्हता, पण नदीच्या अल्याड. नवऱ्यानं मरायच्या आधी पाणी उपसायचं तेलाचं इंजन मागवलं व्हतं. लढाईपायी ते अडकलं, अन् माणूस गेल्यावर पाच वरसांनी सोलापुरास्नं येऊन नीलम्माच्या भावाच्या, महांतप्पाच्या, दुकानामागं पडलं. पंधरा मणांचं धूड! बैलगाडीवर घालून बघितलं, तर नदीच्या वाळूत आस मोडली. महांतप्पाच्या लहान लारीवर घातलं, तर तिची बारकी चाकं आसापतुर वाळूत. ढकलून ढकलून माघारी काढली. पूल कुठला आलाय तवा!

महांतप्पा माणूस वाईट नव्हता. पण धाकटा भाऊ असून थोरल्या बहिणीचा कारभार त्याला आपल्या हातात पायजे व्हता. पारावर सगळ्यांम्होरं तो म्हणाला, "अक्का, आता शेवटचं. इंजन नदी वलांडलं तर मळा तुझा, मी कधी तोंड उघडायचा न्हाय. न्हाय वलांडलं तर मळा सोडायचा अन् माझ्या घरी येऊन ऱ्हायाचं."

नीलम्मा म्हणाली, "व्हय." एवढंच. भावाच्या घरी तिला दोन वेळची भाकर मिळाली असती, पण सकाळी उठून कुठं जायचं हे तिला कोण सांगणार?

तोड काढली ती लारीच्या डायव्हरनं, मुनवरनं. हा गडी लढाईत मिसर देशाच्या रेतीत मिलिटरीच्या गाड्या हाकून आलेला. तो सोलापूरला गेला अन् पलटणीच्या मोडीतली चार चाकं घेऊन आला. तामलवाडीच्या नाक्यावर जकातवाल्यांनी म्हणं तासभर ती चाकं नुसती उलटीपालटी करून बघितली.

मी बी बघितली. या अल्ला! लोखंडी चकतीच माझ्या वितीहून रुंद, अन् त्यावर रबर म्हंजे काय, उभं केलं तर माझ्या कमरंच्या वर. धावेत जीव नसतो, ह्यात व्हता. बोट दाबलं तर आत जायचं अन् परत वर यायचं. म्या नाक लावून वास घेतला. चाळीस वरसं चाकं केली, पण त्या दिवशी पयल्यांदा चाकाम्होरं लहान झाल्यागत वाटलं.

"चाचा, बसवणार का?" मुनवरनं इचारलं.

"बसवतो की! पण आधी गाडी उंच करू. आसावर लाकडी ठोकळे घालतो, म्हंजे चाकाला जागा व्हईल."

"उंच न्हाय करायची. नदीची उतरण लई तिरपी हाय. वर पंधरा मण अन् खाली ठोकळे, गाडी कलंडंल. आहे त्याच उंचीत बसवा."

ते मला पटलं. दोन दिवस लारीखालीच पडून व्हतो. चाक आतल्या अंगाला गाडीच्या पाट्याच्या कमानीला घासत व्हतं, म्हणून लोखंडी कडी घालून ते बाहेर सरकवलं. वर पंख्याला, म्हंजे चाकावरच्या वळीव पत्र्याला, लागत व्हतं, म्हणून त्याची कड ठोकून आत मुडपली. महांतप्पा डोक्यावर उभा, "हळू, खाजाभाई, हळू!" ते पंखे त्यानं लेकीच्या लग्नात हिरव्या रंगानं रंगवलेले, त्यावर पांढरी बेलपानं काढलेली. पाव्हणे गाडी सोडून पंखेच बघायचे.

मग चाकांना भट्टीची काजळी फासली. म्हणलं, हाक. मुनवरनं बाजाराला वळसा घालून आणली. पंख्याच्या आत काजळीचा ठिपका न्हाय. माझी दोन बोटं चाक अन् पत्र्याच्या मधनं आरपार गेली. मी सगळ्यांना ती दोन बोटं दाखवत हिंडलो.

मुनवर म्हणाला, "चाचा, एकदा इंजन वर घालून बी बघू."

आमचं टकुरं फिरलं. "अरे, तुझ्या जन्माआधीपास्नं चाकं बसवतोय! रिकामी गाडी काय अन् भरली काय, चाक जिथल्या तिथंच असतं. मला शिकवतो व्हय?"

बिचारा चाकांची काजळी पुसाय लागला. तेवढ्या वक्ताला माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजन चढवलं अन् गाव नदीवर लोटलं. नीलम्मा अनवाणी गाडीच्या म्होरं चालत व्हती. उतरणीला मुनवरनं चाक वळवलं, अन् अशी किंकाळी उठली की बैल दावी तोडाय लागले. जळक्या रबराचा वास. पंख्याखालनं धूर. गाडी जागेवर थांबली.

मी पळत गेलो, बोटं घालायला बघितलं. दोन बोटं सोडा, सुई जात नव्हती. अख्खं धड चाकांवर बसलं व्हतं.

"गाडीला कमानी असतात चाचा," मुनवर हळूच बोलला. "ओझं पडलं की त्या दबतात. बैलगाडीला कमानी नसतात."

चाळीस वरसं बैलगाड्या केल्या, त्यांचं धड कधी हललं न्हाय, अन् म्हणून मला वाटलं दुनियेतली समदी चाकं तशीच. माझ्या गर्वापायी त्या बाईचा मळा जाणार. तोंड वर करायची शरम वाटाय लागली.

महांतप्पा म्होरं आला. "झालं, अक्का. चल घरी."

नीलम्मा हलली न्हाय. माझ्याकडं बघून म्हणाली, "खाजाभाई, चांभाराला चपलंचं माप बसून देता का उभं राहून?"

"उभं राहून."

"का?"

"भार पडला की पाय पसरतो म्हणून," म्या म्हणलं, अन् डोक्यात लख्ख झालं.

"मग गाडी आता उभी हाय. घ्या की माप."

तिनं कमरंची चंची सोडली अन् पानाला लावायचा चुना माझ्या हातावर ठेवला. मी चाकांना चुना फासणार, तवर मुनवर म्हणाला, "चाचा, आधी चाकातली थोडी हवा सोडू द्या. वाळूत चाक पसरट पायजे. मग चुना." ह्या वक्ताला मी निमूट ऐकलं. त्यानं हवा सोडली, चाकांची पोटं सुटली. मग चुना. गाडी वीतभर मागंम्होरं केली, चाक या टोकापास्नं त्या टोकापतुर वळवलं. चारी पंख्यांत आत पांढरे ठसे उमटले. तेवढा पत्रा उडवायचा, बास. झोळीत छिन्नी अन् हातोडा व्हताच.

छिन्नी टेकवली तर महांतप्पा आडवा आला. "बेलपानं कापणार? न्हाय! गाडीचा इस्कोट न्हाय करायचा."

नीलम्मानं त्याच्याकडं बघितलं. ऊन चढलं व्हतं, वाळू तापली व्हती, अन् ती एक पाय टेकवत व्हती, एक उचलत व्हती.

"महांता, मला हरवायचं असंल तर नदीला हरवू दे. तुझ्या पत्र्यानं हरले, असं नगं व्हायला."

महांतप्पा कितीतरी वेळ तिच्या पायांकडंच बघत ऱ्हायला. मग तोंड फिरवलं अन् म्हणाला, "काप, खाजाभाई. सगळं काप."

ठाण ठाण करत हिरवा पत्रा वाळूत पडत गेला. दुपार झाली. मुनवर चढून बसला, बिस्मिल्ला म्हणाला अन् गाडी वाळूत घातली.

काय सांगू! जिथं माणसाचा पाय घोट्यापतुर रुतायचा, तिथं ते पंधरा मणांचं धूड वरच्या वर चाललं. घाई न्हाय, धडपड न्हाय. सगळं गाव तोंडात बोट घालून उभं. म्या मागं मागं जाऊन चाकोरीत हात ठेवला. भाकर थापल्यावानी सपाट, बोटाच्या पेराइतकी खोल. माझ्या धावा तिथं हातभर खोल जायच्या. "सुभानअल्ला," मी म्हणलो, अन् डोळ्यांना धार लागली. माझ्या शेजारी महांतप्पा "शिवा, शिवा" म्हणत व्हता. गाडी पल्याडच्या काठावर चढली तवा नीलम्मानं तिच्या तापल्या बॉनेटवर दोन्ही हात टेकवले अन् पोळले तरी लवकर उचलले न्हाईत.

तिसऱ्या दिवशी इंजन बोललं. पाटात पाणी आलं.

आठवड्यानं इंजनाचे बोल्ट आवळायला मी मळ्यात गेलो व्हतो. वेलींना नवी पोपटी पानं फुटली व्हती. तेवढ्यात महांतप्पा आला, खांद्यावर लारीच्या जुन्या बारक्या टायरचा कापलेला तुकडा. त्यानं तो पाटाच्या कडंला टाकला. कधी धोतराला डाग लागू न देणारा माणूस चिखलात गुडघ्यावर बसला, खिशातनं खडू काढला.

"अक्का, पाय ठेव. बसून नगं, उभी ऱ्हा."

नीलम्मा उभी ऱ्हायली. त्यानं बहिणीच्या पायाभवती हळूहळू रेघ मारली. मग तुकडा माझ्या हातात दिला.

"जरा मोठंच काप, खाजाभाई. अन् तळ जाड ठेव. हिला हितं लई वरसं चालायचं हाय."