ड्रमच्या पोटातली उशी

मी उशी बोलतेय. आवाज जरा दबका येईल, सांभाळून घ्या. सध्या माझा मुक्काम एका ड्रमच्या पोटात आहे.

जन्माने मी साधी, कापसाची. गादीवाल्याने मला इतकं ठासून भरलं होतं की पहिले सहा महिने बाबांची मान आखडलेली असायची. मग आमचं जमलं. बाबा बसचालक. निवृत्त झाल्यावर त्यांनी मागच्या खोलीत ड्रम मांडले आणि चार मिनिटांचं स्वतःचं एक वादन बसवलं. झोप येईपर्यंत ते माझ्या अंगावर बोटांनी तेच वाजवत पडायचे.

पुढे त्यांचं उजवं मनगट दुखायला लागलं. ऑपरेशनची तारीख पडली सोमवारची. नंतर हात पूर्वीसारखा चालेल, असं डॉक्टरही छातीठोकपणे सांगेनात. म्हणून लेकीने ठरवलं, त्याआधी घरच्या कॉम्प्युटरवर वादन रेकॉर्ड करायचं.

तिने आठ माइक लावले, प्रत्येकाचा ट्रॅक वेगळा. बाकी सगळे गोड वाजले, पण पायाने वाजवायचा मोठा ड्रम रिकाम्या पिंपासारखा घुमला. लेकीने मला पलंगावरून ओढलं आणि त्याच्या पोटात कोंबलं. पहिला ठोका बसला, धुप्! काय सांगू, गुदगुल्या झाल्या. जन्मभर नुसतं घोरणं ऐकलेलं हो मी!

दुखऱ्या हाताने सलग चार मिनिटं जमणार नव्हती. म्हणून अर्धं सकाळी, अर्धं जेवणानंतर, आणि मग दोन्हींची जोड. पण शनिवारी जोड लागेना. सकाळी धुप्, दुपारी धब्ब. लेकीने वायरी बदलल्या, माइक हलवले. आईने उगाच पंख्यावर संशय घेतला. मला खरं माहीत होतं, पण उशीला विचारतो कोण!

रविवारी जेवणानंतर लेक खोलीत आली, तर ड्रमचं पोट रिकामं. पलीकडे बाबा माझ्यावर डोकं टेकून घोरत होते.

"बाबा! कालपण हेच केलंत?"

"अगं, हिच्याशिवाय डोळा लागत नाही. परत ठेवतो की जागच्या जागी."

"कसली जागच्या जागी? दोन बोटं सरकली तरी आवाज बदलतो! सकाळचं सगळं गेलं."

"माझ्यावर कधी एवढा जीव टाकला नाहीत," आई म्हणाली.

बाबांचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी स्वतःच्या हाताने मला ड्रममध्ये ठेवलं, मनगटावर बर्फ धरला आणि म्हणाले, "जोडबिड नको. सलगच वाजवतो."

आणि वाजवलं! तिसऱ्या मिनिटाला हात ढिला पडतोय हे मला आतूनही कळलं, पण पाय हटला नाही. शेवटच्या ठोक्यानंतर लेक इतक्या जोरात ओरडली की तेही रेकॉर्ड झालंय.

ऑपरेशन झालं. हाताला प्लास्टर, तीन महिने ड्रमच्या काठ्यांना शिवायचं नाही. बाबा दिवसभर खिडकीशी बसून राहायला लागले. ते मला सोसवेना.

काल लेक म्हणाली, "बाबा, पाय तर धड आहे ना? चला." तिने त्यांना ड्रमपाशी बसवलं, आठांपैकी फक्त माझ्या ड्रमचा ट्रॅक बंद केला आणि बाकीचे सुरू केले. रविवारचे त्यांचेच हात कॉम्प्युटरमधून वाजायला लागले. बाबांनी क्षणभर ऐकलं, मग पाय उचलला.

धुप्!

लोकहो, बाबांसाठी नवी उशी आणलीय, तिच्यावर त्यांना झोप लागत नाही म्हणे. न लागू दे. मला मात्र इथून हलवू नका. आज त्यांनी सकाळपासून चार वेळा वाजवलंय, आणि पाचव्यांदा बसतायत.